नांगर तिथेच सोडून आलो

समुद्रात गळ टाकून मासे धरायला जायचं होतं, पण तारीख मी ठरवली नव्हती. मला कोजागिरीला लागून आलेली सुट्टी हवी होती. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, फोनवर ती निम्मीच ऐकून घेतली. "पुनवेक नको. उधाणाचा पाणी. तुमचा शिसा तळाक टिकाचा नाय. षष्ठीक येवा." म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी, रजा टाकून. पैसे देणार मी आणि दिवस ठरवणार तो, हे पुण्याच्या माणसाला पचायला जरा जड जातं. त्याचं गणित नंतर कळलं, तेव्हा रजेचं वाईट वाटेनासं झालं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती आणि ओहोटी यांतला फरक मोठा असतो, पाण्याला ओढही तशीच. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला हाच फरक कमी होतो, पाणी आळसावतं. त्याला भांग म्हणतात. खडपात, म्हणजे तळाच्या खडकांत, राहणारे मासे गरवायचे (गळाने धरायचे) तर आमिष तळाशी टिकायला हवं, आणि उधाणात जड शिसंसुद्धा वाहत वाहत होडीच्या मागे जाऊन तरंगतं. वेळेचा हिशेब त्याहून सोपा. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला पाणी पूर्ण भरणार, अकराच्या आत पूर्ण सुकणार, संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुन्हा भरणार. माझ्या फोनमधल्या ॲपने पहाटेच्या भरतीची वेळ चार एकेचाळीस दिली होती. अकरा मिनिटांचा फरक, आणि त्या ॲपचे मी वर्षाला पैसे भरतो.

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे निघालेली जमिनीची चिंचोळी जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या तिथे ढीगभर, पण दिवसभर गरवायला नेणारे मोजकेच. आमचा सौदा होता पाच हजार रुपयांचा, पेट्रोल धरून, माणसं जास्तीत जास्त चार. मासळी आमची. पाऊस-वाऱ्याने लवकर परतावं लागलं तर पैसे परत नाहीत, हे त्याने फोनवरच दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आधीच्या गिऱ्हाइकांशी भांडलेला दिसतोय.

आम्ही दोघेच होतो, मी आणि माझा मेव्हणा. मी पुण्याच्या आसपासच्या तलावांवर दहाएक वर्षं गळ टाकून बसणारा माणूस, बहुतेक वेळा चिलापी घेऊन घरी येणारा. मेव्हण्याने मासा आजवर फक्त ताटात पाहिलेला. मी दोन रॉड, दोन रील आणि ऑनलाइन मागवलेला चौदाशे रुपयांचा एक प्लास्टिकचा मासा घेतला होता. मेव्हण्याने सनस्क्रीन घेतलं होतं.

आदल्या रात्री मी हवामान पाहिलं. वारा सकाळी नगण्य, दुपारी वायव्येकडून आठ-दहा नॉट. लाट एक मीटरच्या आसपास. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजातही काळजीचं काही नव्हतं, बंदरावर धोक्याचा बावटा नव्हता. हवामान खात्याने जिल्ह्यासाठी "दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असं म्हटलं होतं, पण ऑक्टोबरात ते रोजच म्हणतात. मी निर्धास्त झोपलो. होडी लागू नये म्हणून झोपण्याआधी दोघांनी अवोमिनची एकेक गोळी घेतली. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, गोळी घेतली म्हणजे आता मला काही होणार नाही ना?" मी हो म्हणालो. माझं त्या दिवसातलं ते पहिलं चुकीचं भाकीत.

पावणेसहाला आम्ही खाडीच्या बाजूला गुडघाभर पाण्यातून होडीवर चढलो. बावीस फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड मशीन, मध्ये बर्फाचा डबा, आणि नारिंगी लाइफ जॅकेटं, ज्यांना मागच्या तीन हंगामांचा वास होता. तांडेल पन्नाशीचा, अंगाने काटक. सोबत त्याचा पुतण्या, विशीतला, कानात इअरफोन. काकाने नुसतं पाहिलं, इअरफोन खिशात गेला. डोक्यावर अर्ध्याहून मोठा चंद्र अजून होता आणि जमिनीकडून समुद्राकडे बारीक, थंड वारा वाहत होता. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते, तेव्हापासून मतलई हा शब्द स्वार्थी माणसासाठीच वापरत आलो. तो वारा अंगावर घेतला तो त्या पहाटे.

मग खाडीचं तोंड आलं.

नदी समुद्राला मिळते तिथे वाळू साचून उथळ पट्टी तयार होते, आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. मागच्या वर्षीची वाट यंदा चालेलच असं नाही. त्यात सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. पावसाळा नुकताच संपलेला, नदीला वरचं पाणी अजून भरपूर. ते बाहेर धावतंय आणि समुद्राची लाट आत येतेय. दोघांची गाठ त्या वाळूच्या पट्टीवर पडते आणि लाट जागच्या जागी उभी राहते. काळोखात मला फक्त पांढऱ्या रेघा दिसत होत्या आणि एक सलग घरघर ऐकू येत होती. तांडेलाने मशीन हळू केलं आणि पाण्याच्या ओढीला तोंड फिरवून होडी तशीच थोपवून धरली. मिनिटभर. दोन मिनिटं. मी विचारलं, "काका, काय झालं?" "गपचीप बसा. खाली बसा. फळीर नको, खाली."

तो लाटा मोजत होता. एक मोठी गेली, दुसरी मोठी गेली, तिसरी फुटली, आणि तिचा फेस पसरत असतानाच त्याने मशीन पूर्ण सोडलं. होडीचं नाक वर गेलं, मला आभाळ दिसलं, मग धप्पकन खाली. पुन्हा वर. पाण्याचा एक गार फटका तोंडावर आला, आणि बाहेर पडलोसुद्धा. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मागे वळून पाहिलं तर पुढची मोठी लाट आम्ही होतो त्याच जागी फुटत होती. मेव्हण्याने माझा दंड धरलेला होता, तो त्याने सोडला आणि होडीच्या कडेवर वाकून सकाळचा चहा समुद्राला दिला.

उजाडलं तेव्हा उत्तरेला सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यावर काळी रेघ ओढल्यासारखी दिसत होती. दक्षिणेकडे भोगव्याची वाळू, त्यापुढे निवतीचा डोंगर, आणि बाहेर समुद्रात निवतीच्या दीपगृहाचे खडक. पहिला तासभर होडी हळू चालवत मागे दोर सोडून सुरमईचा प्रयत्न करायचा ठरला. तिला तिथे इसवण म्हणतात. होडीमागे असा दोर ओढण्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, आणि मी मोठ्या ऐटीत तो शब्द उच्चारला. पुतण्याने चमकून पाहिलं. त्या किनाऱ्यावर ट्रॉलिंग म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींनी तळ खरवडून नेणारं जाळं, आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं), एलईडी दिव्यांची मासेमारी, परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर हे सगळं धरून तो भांडणाचा विषय आहे. राज्याने १९८१ च्या मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड वाढवले. त्याचा समुद्रात उपयोग किती झाला, या प्रश्नावर तांडेलाने एवढंच म्हटलं, "कागद भिजात म्हणान थय नेणत नाय." कागद भिजतो म्हणून समुद्रावर नेत नाहीत. मी पुढे विचारलं नाही.

माझा चौदाशेचा मासा मी रॉडला लावला. तांडेलाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तार खय?" मी म्हटलं, चाळीस पौंडाचं चांगलं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आहे, तार लावली की मासा बिचकतो, व्हिडिओत सांगतात. तो काही बोलला नाही. सव्वासात वाजता रील किंचाळलं. मी पाण्यावर इतकी वर्षं काढली, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता, चिलापीच्या बसची बात नव्हती ती. रॉड वाकला, साठ-सत्तर मीटर दोरा काही सेकंदांत गेला, दूर पाण्यावर चांदीचं काहीतरी आडवं चमकलं, आणि दोरा सैल पडला. ओढून घेतला तर टोक कात्रीने कापल्यासारखं साफ. इसवणीचे दात म्हणजे कातरच. तांडेलाने मागे न बघता डब्यातून वीतभर तारेचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. तो तिथे पहिल्यापासून होता. तार लावल्यावर पुढचा पाऊण तास काहीच लागलं नाही, अर्थात.

मग खडपाकडे. याचा मला खरा अचंबा वाटला. पुतण्याच्या फोनमध्ये जीपीएस होतं आणि त्यात ती जागा नोंदलेलीही होती. तरी काकाने मशीन मंद केलं आणि जमिनीकडे पाहायला लागला. डोंगरावरचा एक उघडा कातळ आणि त्याखालचा माड एका रेषेत यायला हवेत. दुसऱ्या बाजूला खडकाचं टोक दूरच्या डोंगराच्या खांद्याला टेकायला हवं. दोन्ही रेषा जुळल्या की त्यांच्या छेदाखाली खडप. शाळेतली भूमितीच. मी म्हटलं, जीपीएस आहे की. पुतण्या हळूच म्हणाला, "जीपीएस बरोबर असता, पण तात्यांका खात्री नसता." नांगर टाकला. दोर नऊ वाव गेला. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर, सहा फुटांच्या आसपास.

इथे माझे रॉड बाजूला पडले. तांडेल आणि पुतण्या दोघेही हातानेच गरवत होते. लाकडी फिरकीला गुंडाळलेलं तंगूस, खाली शिसं, त्याच्या वर दोन गऱ्या. आमिषाला माकूल (स्क्विड) आणि सुंगटं (कोळंबी). शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं, आणि दोर तर्जनीवर ठेवून वाट बघायची. रॉडमध्ये जे टोक हलतं ते इथे थेट बोटाला कळतं. तासाभरात मला दोन तऱ्हा ओळखू यायला लागल्या. टिक-टिक-टिक म्हणजे बारीकसारीक मासळी आमिष कुरतडतेय. एक दमदार झटका आणि मग दोर जड होऊन जागचा हलेनासा झाला तर गोबरा, गरी तोंडात घेऊन कपारीत शिरलेला. अशा वेळी ओढायचं नसतं. "सैल सोडा. वडू नकात. तेका वाटांदे तुम्ही गेलास." दोर ढिला सोडून एक-दोन मिनिटं थांबलं की तो आपण होऊन बाहेर येतो, तेव्हा उचलायचा. मी पहिला गोबरा घाई करून घालवला, दुसरा वर घेतला. अडीच किलोचा असावा, अंगभर तपकिरी ठिपके, तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत जाईल. नंतर दोन करकरे लागले. त्या माशाला तसं नाव का आहे, हे तो डब्यात टाकल्यावर कळलं. बर्फावर पडल्या पडल्या त्याने करकर सुरू केली, आणि मेव्हणा, जो तोवर डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, दचकून उठून बसला.

एक गोबरा अगदी लहान निघाला, वीतभर. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान पकडू नये म्हणून. त्या यादीतला असो वा नसो, एवढासा जीव डब्यात टाकावासा वाटेना. मी मोठ्या समाधानाने तो पाण्यात सोडला. तो खाली जाईना. नऊ वाव खालून झपकन वर आणल्यावर पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, आणि मासा उलटा होऊन तरंगत राहतो. वरून एक पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आला, एक पाय खाली सोडून त्याला उचलून निवतीच्या दिशेने गेला. "तुमचा पुण्य तेका लागला," तांडेल म्हणाला. पुढच्या लहान गोबऱ्याला मात्र पुतण्याने शिशाला उलटी गरी बांधून, तिच्यावर अलगद अडकवून परत तळापर्यंत नेलं आणि झटका देऊन सोडलं. एकट्यादुकट्या होडीला हे परवडतं. ट्रॉलरच्या जाळंभर माशांना कोण शिशाला बांधून घरी पोचवणार?

अकराच्या सुमाराला पाणी थांबलं आणि मासेही. याच वेळात मेव्हण्याला बरं वाटायला लागलं आणि त्याने दोर हातात घेतला. दैव बघा, पहिल्याच खेपेला त्याला शेंगटी लागली. शेंगटीला पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन करवती काटे असतात, विषारी. पुतण्या "हात नको" म्हणेपर्यंत याने कौतुकाने तिला पोटाखाली धरलं होतं. अंगठ्याच्या बुडात काटा गेला. पाच मिनिटांत तो माणूस पांढराफटक पडला. म्हणाला, कुणीतरी विस्तव घातलाय. तांडेलाने थर्मास उघडला, स्टीलच्या पेल्यात कोरा चहा ओतला, स्वतःच्या बोटाने सोसवतोय ना ते पाहिलं आणि मेव्हण्याचा अंगठा त्यात बुडवला. हे विष उष्णतेने मंद पडतं, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास ठेवायचं, हे मला नंतर डॉक्टरनेही सांगितलं. साखरेच्या चहाबद्दल तो काही बोलला नाही. तर दुपारपर्यंत मेव्हणा पेल्यात अंगठा घालून बसला होता आणि आमच्या वाटणीचा चहा संपला होता.

बाराच्या पुढे वायव्येचा खारा वारा रोजच्याप्रमाणे लागला. पाण्यावर बारीक सुरकुत्या, मग लहान लाटा, होडी नांगरावर डोलायला लागली. भरती चालू झाली होती. एकच्या सुमाराला पुतण्याच्या दोरावर तांबोशी आली, दीडेक किलोची, उन्हात कुंकवासारखी लाल. पाठोपाठ मला एक मोठा झटका बसला आणि गरी सरळ होऊन वर आली. खाली काहीतरी जबर होतं. मी नवी गरी बांधली, माकलाचा मोठा तुकडा लावला, हात थरथरत होते.

आणि वारा पडला.

कमी झाला असं नव्हे. कुणी पंख्याचं बटण बंद करावं तसा थांबला. पाच मिनिटांत समुद्र तेलासारखा झाला, होडीचा डोल गेला, दोर सरळ खाली उभा. मला तर हर्ष झाला. इतकं स्थिर पाणी दिवसभरात मिळालं नव्हतं. मेव्हणासुद्धा म्हणाला, "आत्ता खरी मजा आहे, भाऊजी."

तांडेल समुद्राकडे पाठ करून उभा होता. तो डोंगराकडे बघत होता. मीही पाहिलं. सह्याद्री दिसतच नव्हता. तिथे निळसर-काळ्या रंगाची भिंत होती, वरचं टोक ऐरणीसारखं पसरलेलं, आणि ती आमच्या बाजूने कलली होती. "वारो मेलो," तो म्हणाला, जणू कुणी गावातलं गेलं. "दोरे घेवा वर."

खारा वारा जमिनीकडे वाहतो. तो अचानक मरतो याचा अर्थ जमिनीवरून त्याला कुणीतरी ढकलतंय. परतीच्या पावसाच्या दिवसांत घाटावर दुपारी ढग उभे राहतात आणि संध्याकाळकडे ते कोकणात उतरून समुद्रावर येतात. त्यांच्या पोटातून थंड वाऱ्याचा लोंढा पुढे धावतो, पूर्वेकडून, म्हणजे होडीला किनाऱ्यापासून बाहेर लोटणारा. हे सगळं त्याने मला संध्याकाळी सांगितलं. तेव्हा त्याने फक्त दोर वर घ्यायला सांगितलं आणि मी म्हणालो, "काका, दहा मिनिटं. खाली मोठा मासा आहे."

"मासो खय जाणा नाय. आपणाक घराक जावचा आसा."

मी खरंच चिडलो होतो, लपवत नाही. पाच हजार, रजा, नऊ तासांचा प्रवास, आणि ऐन मोक्याला याला ढग दिसले. पैसे परत नाहीत हे दोनदा का सांगितलं होतं, तेही मनात येऊन गेलं. तोंडातून शब्द आला नाही इतकंच.

पुतण्या नांगर ओढायला लागला. नांगर निघेना. खडपात अडकलेला. होडी पुढे नेऊन उलट बाजूने ओढला, तरी नाही. अशा वेळी होडी गोल फिरवत वेगवेगळ्या दिशांनी ताण देत बसतात, कधी वीस मिनिटं, कधी तासभर, कारण नांगर आणि साखळी म्हणजे काही हजारांचा ऐवज. तांडेलाने एकदा डोंगराकडे पाहिलं. दुसऱ्यांदा प्रयत्न केलाच नाही. पेट्रोलचा रिकामा पांढरा कॅन दोराच्या टोकाला बांधला, बूच घट्ट केलं, आणि सगळं पाण्यात सोडून दिलं. कॅन हलत हलत मागे राहिला. माझा राग तिथेच कुठेतरी ओसरला. स्वतःचा नांगर सोडणारा माणूस माझ्या माशासाठी खोटं बोलत नसणार, एवढं गणित मलाही येत होतं.

मला वाटलं, आता सरळ खाडीत. त्याने नाक निवतीकडे वळवलं. खाडीच्या तोंडावर अजून अर्धंच पाणी भरलेलं, आणि तिथे पोचेपर्यंत वारा गाठणार. त्यापेक्षा डोंगराच्या कुशीत किनाऱ्याला चिकटून राहायचं. वारा जमिनीवरून येतोय, तर जमिनीच्या जितकं जवळ तितकी लाट लहान. लाटेला वाढायला जागाच नाही. अर्ध्या वाटेवर ढग सूर्यावर आला आणि समुद्र शिशासारखा झाला. पुतण्याने माझे दोन्ही रॉड उचलून आडवे ठेवले. ते कार्बनचे असतात, विजेला उभा रॉड म्हणजे आमंत्रण. "फोन?" मेव्हण्याने विचारलं. "फोनाक काय व्हना नाय. तुम्ही खाली बसा."

कड्याखाली पोचून त्याने दोराला बांधलेला मोठा धोंडा आणि लहानसा जादा नांगर असे दोन्ही टाकले, मशीन चालूच ठेवलं. पाणी दोन वाव. समोर वाळूची छोटी पुळण, मागे समुद्र. सव्वादोनला तो आला. आधी वास आला, ओल्या मातीचा, समुद्रावर! मग पाण्यावरून एक काळी रेघ किनाऱ्याकडून आमच्याकडे धावत आली आणि आम्हाला ओलांडून बाहेर गेली. माझी टोपी तिच्याबरोबर. वाऱ्याच्या आवाजात तोंडाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. पाऊस आडवा होता, ऑक्टोबरात दात वाजवणारा. होडी दोन्ही दोरांवर ताणून मागे मागे ओढ घेत होती आणि तांडेल मशीनने तिला हळूहळू पुढे देत राहिला. अर्धा तास त्याने मूठ सोडली नाही. जमिनीजवळ पाणी नुसतं उकळल्यासारखं खडबडत होतं. पण पाऊस मधेच विरळ झाला तेव्हा बाहेर, आम्ही तासापूर्वी होतो त्या बाजूला, सगळा समुद्र पांढरा दिसला.

वीज एकदा खडकांच्या पलीकडे पाण्यात पडली. प्रकाश आणि आवाज यांत मोजायला आकडाच मिळाला नाही.

मी तांडेलाला ओरडून विचारलं, असं नेहमी होतं का. तो म्हणाला, ह्या काय, ह्या डोंगरावयला, तासाभराचा. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "फयानात होतंय मी." नोव्हेंबर २००९ चं ते चक्रीवादळ. कोकणातले कित्येक खलाशी त्यात परतले नाहीत. मी वाट पाहिली, पण त्याने पुढचं सांगितलं नाही.

सव्वातीनला पाऊस टिपटिप झाला, वारा पूर्वेकडून दक्षिणेला वळला आणि थकला. आम्ही सगळे भिजलेले, मेव्हणा अंगठ्यासकट. तरी तांडेल लगेच निघाला नाही. त्याने पिशवीतून भाकरी आणि सुकटाची चटणी काढली, चौघांत वाटली. भरती पूर्ण व्हायला हवी होती. पावणेपाचला आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. पहाटे जिथे आभाळ दिसलं होतं तिथे आता जाड, सुस्त पाणी होतं, वाळूच्या पट्टीवरून नुसता एक फुगवटा जात होता. त्यावर बसून होडी आत शिरली. मी मुद्दाम पाहिलं, तो आताही लाटा मोजत होता.

मोजदाद अशी: एक मोठा गोबरा, दोन करकरे, एक तांबोशी आणि दोन-चार बारीकसारीक. शेंगटी पुतण्याने नेली. बाजारात तीन हजारांत याहून जास्त मासळी आली असती, हे घरी गेल्यावर बायकोने सांगितलंच. राहायच्या ठिकाणी गोबऱ्याच्या डोक्याची कढी झाली, वर दोन तिरफळं ठेचून. करकरे रव्यात तळले. मेव्हण्याने डाव्या हाताने जेवून तीन वेळा भात घेतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणाला. मला नांगर आठवत होता. पैसे देताना मी वर दोन हजार पुढे केले. तांडेलाने पाच हजार मोजून घेतले, उरलेले माझ्या खिशात परत घातले. "खुणो माका ठावक आसत," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घाट चढून कोल्हापूरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. पुतण्याचा फोटो आला. होडीच्या फळीवर नांगर, साखळीसकट, त्याला अजून खडपाचं शेवाळ चिकटलेलं. त्याच्या बाजूला आडवी ठेवलेली एक तांबोशी, नांगराच्या दांड्याहून लांब. खाली लिहिलं होतं: "तात्या सांगतत, तुमचो मासो थयच होतो."